छपराखालचे अरण्य आणि चंबळची वाळू

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात १९८५ साली ‘जंगलवर्ल्ड’ हे बंदिस्त वर्षारण्य उभे राहिले. बाहेर बर्फ पडत असताना आत आग्नेय आशियाचा दमट उष्मा असतो. जावा बेटावरील काळे लंगूर, गिबन, मलायी टॅपिर आणि पाण्यात आपल्याकडची सुसर, म्हणजे घडियाल, हे तेथील रहिवासी. गजांऐवजी ओढे आणि खोल चर ठेवल्याने पाहणाऱ्याला कैद जाणवत नाही. लंगूर मात्र मुळात पाला खाणारा प्राणी. कृत्रिम वृक्षांना पालवी फुटत नाही, ती रखवालदारालाच आणून द्यावी लागते.

अशा दालनांचे समर्थक म्हणतात की, अरण्य नष्ट झाले तरी प्रजाती येथे जगेल. सुसरीचा अनुभव या दाव्याला पुरेसा पुष्टी देत नाही. १९७५ साली भारतात मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशात दोनशेहूनही कमी सुसरी उरल्या होत्या. नदीकाठची अंडी गोळा करून लखनौजवळील कुकरैल आणि मुरैन्याजवळील देवरी येथे ती उबवली गेली. हजारो पिले वाढवून नद्यांत सोडण्यात आली. तरीही २००७ मध्ये ही प्रजाती ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेली, आणि त्याच हिवाळ्यात चंबळेत शंभराहून अधिक सुसरी मृतावस्थेत सापडल्या.

अंडी उबवण्यात अडचण कधीच नव्हती. अडचण नदीत आहे. मादी मार्च-एप्रिलमध्ये उंच वाळूच्या काठावर घरटे खणते, आणि नेमकी तीच वाळू बांधकामासाठी ट्रॅक्टर भरभरून उपसली जाते. वरच्या अंगाला गांधीसागरापासून कोटा बंधाऱ्यापर्यंत चार ठिकाणी प्रवाह अडवलेला आहे. अभयारण्य १९७९ मधले, उत्खननावर बंदीही आहे. मात्र मुरैना जिल्ह्यात २०१२ साली अवैध दगडांचा ट्रॅक्टर रोखणाऱ्या तरुण पोलीस अधिकाऱ्याला त्याच ट्रॅक्टरखाली प्राण गमवावे लागले. तेथे बंदीची किंमत ही अशी आहे.

बंदिस्त अरण्ये निरुपयोगी आहेत, असे यावरून म्हणता येणार नाही. ब्राँक्समध्येच १९९९ साली खुल्या झालेल्या काँगो दालनात प्रवेशशुल्क कोणत्या क्षेत्रीय संवर्धनकार्यास द्यायचे, हे प्रेक्षकाला निवडता येऊ लागले. आपल्याकडे नव्या प्राणिसंग्रहालयाची घोषणा होते, तेव्हा चर्चा काचेच्या भिंती आणि प्रेक्षकसंख्या यांचीच होते. तिकिटाच्या रकमेतील किती वाटा चंबळेच्या काठावर रात्री गस्त घालणाऱ्या वनरक्षकापर्यंत पोहोचेल, हे त्या घोषणेत लिहिलेले असायला हवे.