लोंबता हात आणि वाया गेलेले महिने



गाळपाचा हंगाम आला की उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. मागे ना दिवा, ना तांबडी पट्टी. मोटारसायकलवाला येऊन आदळतो, खांद्यावर पडतो. हाड मोडलेलं नसतं, पण हात लोंबतो. मग घरचे म्हणतात, "नस दबली असेल, तेल चोळा, येईल हळूहळू." राजापेठेत आमच्या बैठकीतल्या एका शेतकऱ्याच्या पोराला असंच चौदा महिने तेल चोळलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "फार उशीर झाला." राजेहो, ते शब्द आमच्या कानांतून जात नाहीत.

यात घडतं काय? हाताला चालवणाऱ्या पाच नसा मानेतून निघतात. पडताना मान एकीकडे नि खांदा दुसरीकडे ताणला जातो आणि त्या तुटतात, कधी मुळासकट उपटतात. उपटलेली नस पुन्हा जागेवर शिवून भागत नाही. पण मुख्य पाट फुटला तर शेजारच्या पाटाचं पाणी आपण वळवतोच ना? तसंच इथे करतात. १९९४ साली फ्रान्सच्या डॉ. ओबेर्लँ यांनी आपली पद्धत मांडली: पंजा शाबूत असेल तर करंगळीकडे जाणाऱ्या नसेतला एक धागा घेऊन तो बेटकुळीच्या नसेला जोडायचा. पंजाचं बळ फारसं न घटता कोपर वाकू लागतं. पंजाही गेला असेल तर बरगड्यांमधल्या नसा वापरतात.

पण हे पाणी फार सावकाश सरकतं. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. तिकडे स्नायू वाळत असतो. वर्ष-दीड वर्षानंतर नस पोचली तरी तो उठत नाही. काही नसा आपोआप सुधारतात, हे खरं. म्हणून थांबणं चूक नाही. तपासणी न करता थांबणं चूक आहे. तीन महिन्यांत हालचाल आली नाही तर नसांच्या शस्त्रक्रियेचा जाणकार गाठावा. सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेली बरी. हात पहिल्यासारखा होईलच असं कोणी सांगू नये. पण पंजा शाबूत असून कोपर वाकलं, तरी घास तोंडाशी जातो.

अमरावतीला हा विचार परका नाही. कुष्ठरोगही नसाच मारतो. अशा रोग्यांसाठी डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभं केलं आणि त्यांच्या हातांना काम दिलं.

संचालक मंडळाला आमची विनंती आहे की, मागे तांबडी पट्टी नसलेली ट्रॉली गेटवर घेऊ नये. सभासदांनीही दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडू नयेत. ट्रॉली आपलीच असते.

तोडलेला ऊस दोन दिवस उन्हात पडला तर वजन घटलं म्हणून आपण शेतकी ऑफिसात जाऊन भांडतो. पोराचा हात वर्षभर वाळतो, तेव्हा मात्र गप्प बसतो. हा हिशेब एकदा घरी बसून करावा.