घरबसल्या सिनेमा : लाथाबुक्क्यांपलीकडे

पावसाने बरगी धरणाची सहल हुकली, की जबलपूरच्या मराठी घरांतही मुलांचा हट्ट सुरू होतो, ‘कराटेचा सिनेमा लावा!’ निवड मात्र मोठ्यांनी करावी, नाहीतर दिवाणावरच आखाडा रंगतो. ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३) थरारक. आरशांच्या दालनातील झुंज तर अविस्मरणीय. पण त्यातील रक्तपात व बहिणीची आत्महत्या मुलांसाठी नव्हे. जॅकी चॅनचा ‘ड्रंकन मास्टर’ (१९७८) पोट धरून हसवतो, मात्र त्यात दारू पिऊन लढणे हीच विद्या ठरते. मुलांसोबत पाहावा ‘द कराटे किड’ (१९८४). गुरू मियागी शिष्याला मोटारी पुसायला, कुंपण रंगवायला लावतात. वैतागलेल्या डॅनियलला नंतर उमगते, की हातांच्या त्याच हालचालींत बचावाचे डाव दडले आहेत. पहिला मान याच चित्रपटाला!