घरचा मुलगा पुरेसा नाही



कर्करोगाच्या औषध चाचण्यांसाठी दुभाष्यांना वेगळे शिकवायची गरज नाही, घरचा शिकलेला मुलगा पुरे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मुळीच पटले नाही. आमच्या मुर्धा-राई भागातून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या घरांत मुलगा वडिलांपुढे रोगाचे नावही काढत नाही. तो चाचणीतले धोके कसे सांगणार? २०१९च्या औषध चाचण्यांच्या नियमांनुसार संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे. तो निरक्षर असेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. पण तेवढ्याने भागत नाही. कोणाला कोणता उपचार, हे अनेक चाचण्यांत डॉक्टर निवडत नाहीत, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे संगणक ठरवतो. चाचणी कधीही सोडता येते आणि सोडली म्हणून नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. हे दुभाष्यालाच ठाऊक नसेल तर रुग्ण नुसताच अंगठा उठवतो. सांगून झाल्यावर "आता तुम्ही सांगा बरं, काय कळलं?" असे विचारायलाही शिकावे लागते.

हे अवघड नाही. टाटानेच १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या स्त्रियांना तयार करून स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी केली. आमच्याकडच्या आशाताईंनाही दुभाष्याचे हे काम शिकवावे, ही कळकळीची मागणी.

– एक वाचक, मुर्धा, भाईंदर (पश्चिम)