सही करणारे गाईड आणि प्रश्न खोडणाऱ्या आपा

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी जुन्या जालन्यातल्या एका मोहल्ल्यात प्रश्नावली घेऊन गेले. विषय होता बायकांचं आजारपण आणि दवाखान्यात जायला होणारा उशीर. बेचाळीस प्रश्न, सगळे शुद्ध मराठीत, खाली गाईडची सही. पहिल्याच घरात चौथा प्रश्न विचारला, "आपणास श्वेतप्रदराचा त्रास आहे काय?" समोरची बाई माझ्याकडे बघत राहिली. कोपऱ्यात तिचा दीर मोबाइल घेऊन बसला होता. ती म्हणाली, "नाही." पुढच्या तीन प्रश्नांनाही "नाही." मी चार वेळा "नाही" लिहिलं आणि उठले. अशी अकरा घरं झाली.

बाराव्या घरात एक निवृत्त नर्स भेटल्या. मोहल्ला त्यांना आपा म्हणतो. त्यांनी चष्मा लावून प्रश्नावली वाचली आणि विचारलं, "बेटी, ये सवाल कौन लिख्या?" मीच, म्हटलं. त्यांनी माझ्याच हातातला पेन घेतला. "श्वेतप्रदर किसको समझता? सफेद पानी बोलो. और घर में मर्द बैठा तो पूछोच मत." एकेक करत त्यांनी सतरा प्रश्न खोडले. "दवाखान्यात जायला उशीर का झाला?" या प्रश्नावर थांबल्या. म्हणाल्या, "ये बाद में. पहले पूछो, साथ कौन गया था."

त्या एका वाक्याने माझा प्रबंध बदलला. उशीर अज्ञानामुळे होतो असं मी गृहीत धरलं होतं. पुढच्या वर्षभरात बायकांनी जे सांगितलं त्यात अज्ञान कमी होतं आणि सोबत न मिळणं जास्त होतं. नवरा कामावर, सासूला गुडघेदुखी, मुलगा लहान. एकटीने जायची मुभा नाही, आणि रिक्षाला पैसे मागायचे तर कारण सांगावं लागतं. त्या अकरा घरांत मी पुन्हा गेले, तेव्हा पहिल्या घरातली बाई म्हणाली की दोन वर्षांपासून त्रास आहे. माझ्या वहीत मात्र तिच्या नावापुढे "नाही" लिहिलेलं होतं.

गाईडच्या सहीने मला संशोधनाची परवानगी मिळाली. संशोधन शिकवलं ते आपांनी. हा लेख त्या फरकाबद्दल आहे, कारण आज आपल्या जिल्ह्यातून समाजशास्त्र, समाजकार्य, नर्सिंग, सामुदायिक वैद्यक शिकणारी जी मुलं-मुली पुढे येत आहेत त्यांच्याकडे सही करणारे आहेत, पण प्रश्न खोडणारं कुणी नाही.

वैद्यकीय समाजशास्त्र हा शब्द जड वाटतो. अर्थ सोपा आहे. माणूस आजारी का पडतो, कधी स्वतःला आजारी मानतो, कुणाकडे जातो, तिथे त्याच्याशी कसं वागतात, यात समाजाचा वाटा किती हे शोधणं. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट स्ट्रॉस यांनी १९५७ मध्ये त्याचे दोन भाग सांगितले. एक, वैद्यकातलं समाजशास्त्र: डॉक्टरांच्या बरोबर बसून त्यांच्या प्रश्नांची उत्तरं शोधायची. दुसरं, वैद्यकाचं समाजशास्त्र: दवाखान्याकडेच समाजाचा एक भाग म्हणून बघायचं. आपल्याला दोन्ही लागतात, आणि दोन्हींपैकी एकही एकट्याने होत नाही.

एक उदाहरण देते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत डी. बॅनर्जी हे डॉक्टर आणि स्टिग अँडरसन हे जागतिक आरोग्य संघटनेचे समाजशास्त्रज्ञ एकत्र काम करत होते. तेव्हा सर्वसाधारण समजूत अशी की खेड्यातल्या माणसाला खोकल्याचं गांभीर्य कळत नाही, म्हणून त्याला घरी जाऊन शोधावं लागेल. या दोघांनी तुमकूर जिल्ह्यात जाऊन रुग्णांनाच विचारलं. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की बहुतेकांना लक्षणांची जाणीव होती, आणि निम्म्याच्या आसपास लोक तर आधीच दवाखान्यात जाऊन आले होते. तिथून अनेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवलं होतं. दोष रुग्णाच्या अडाणीपणात कमी आणि दवाखान्याच्या खिडकीवर जास्त होता. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने थुंकीची तपासणी साध्या सरकारी दवाखान्यांत नेली, त्यामागे हा विचार होता. एकटा डॉक्टर हा प्रश्न विचारता ना, एकट्या समाजशास्त्रज्ञाला थुंकीचा रिपोर्ट वाचता येता ना. दोघं एका टेबलावर बसले म्हणून हे झालं.

आता जालन्याकडे बघा. बदनापूर तालुक्यात वरुडीला जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२४ मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता मिळाली. अंबडच्या पलीकडे पाचोडला डॉ. अशोक दयालचंद यांनी उभी केलेली आरोग्य व्यवस्थापन संस्था आहे. अविवाहित किशोरींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला तर मुलींच्या लग्नाचं वय वाढतं, हे त्यांनी खेड्यात काम करून आणि मोजून दाखवलं. जिल्ह्यात समाजशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ तासा-दीड तासावर आहे. सगळं आहे. पण सामुदायिक वैद्यक शिकणारा मुलगा आणि समाजशास्त्रात पीएच.डी. करणारी मुलगी एकाच बसने जातात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

आणि प्रश्न तर आपल्या दारात पडलेत. स्टीलच्या कारखान्यांत भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या मजुराचा दम कधी "कमजोरी" ठरतो आणि कधी आजार? मंठा, घनसावंगी, परतूरहून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं काय? शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ च्या सर्वेक्षणात तेरा हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढलेली आढळली. बीडची सीमा ओलांडली की हा प्रश्न संपतो असं कुणी म्हणणार नाही.

आपल्या समाजापुरतं बोलायचं तर एक गोष्ट मला कायम टोचते. भारतात मुस्लिम कुटुंबं सरासरीने गरीब असूनही अनेक दशकं त्यांच्यातलं बालमृत्यूचं प्रमाण हिंदू कुटुंबांपेक्षा कमी राहिलं. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही त्याची नोंद आहे. असं का? मायकल जेरुसो आणि डीन स्पीअर्स या अमेरिकेत शिकवणाऱ्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवलं की यातला मोठा भाग शौचालयाच्या वापराशी जोडलेला आहे. आपल्याच घरातल्या नाही, शेजारच्या घरातल्याही. काम उत्तम आहे, त्यांचे आभारच मानायला हवेत. पण संडास आपल्या घरातला, मूल आपल्या घरातलं, आणि प्रश्न विचारला टेक्सासमध्ये बसलेल्या माणसांनी. आपल्यातल्या कुणाला तो सुचला नसेल असं नाही. सुचला असेल, पण "मॅडम, हा विषय होईल का?" असं विचारायला समोर कुणी नसेल.

दुसरीकडे मुंबईत सेहत या संस्थेने २०१३ मध्ये दवाखान्यांत धर्मावरून होणाऱ्या भेदभावाचा अभ्यास केला. बायकांनी बुरख्यावरून, मुलांच्या संख्येवरून ऐकलेले टोमणे त्यात आले. जालन्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात चहाच्या कपाबरोबर अशा दहा हकिगती मिळतात. पण हकिगत म्हणजे पुरावा नव्हे. हकिगतीचा पुरावा कसा करायचा, दहा जणींनी सांगितलेलं खरं असलं तरी ते सगळ्या दवाखान्यांबद्दल म्हणता येतं का, चांगलं वागणाऱ्या सिस्टरची नोंद आपण घेतली का, हे शिकवावं लागतं. नाहीतर आपला राग खरा राहतो आणि आपला अहवाल कच्चा.

म्हणून मी म्हणते, आधी एकमेकांना वाचायला शिकूया. हे महाराष्ट्राला नवं नाही. १९७४ मध्ये मेडिको फ्रेंड सर्कल नावाचं एक मंडळ सुरू झालं. डॉक्टर, समाजशास्त्रज्ञ, कार्यकर्ते, सगळे त्यात. १९७६ पासून त्यांचं छोटं बुलेटिन निघू लागलं. त्यांच्या वार्षिक बैठकीची पद्धत मला फार आवडते: निबंध व्यासपीठावरून वाचून दाखवायचे नाहीत. आधी पाठवायचे, सगळ्यांनी वाचून यायचं, आणि बैठकीत फक्त चर्चा करायची. या सवयीचा उपयोग वेळ आली तेव्हा झाला. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८५ मध्ये त्यांनी पीडितांच्या वस्त्यांत सर्वेक्षण केलं, आणि २००२ च्या गुजरात हिंसाचारानंतर तिथल्या आरोग्यस्थितीवर अहवाल काढला. संकटात माणसं एकदम जमत नाहीत. आधीपासून एकमेकांचे कागद वाचणारी असतील तरच जमतात.

काही जण म्हणतील, आधी पैसे आणा. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद होत असल्याचं सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये संसदेत सांगितलं. तो फटका खरा आहे. त्यासाठी मागणी लावून धरलीच पाहिजे, आणि अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्थेला, म्हणजे मार्टीला, २०२४ मध्ये राज्याने मंजुरी दिली आहे तर तिच्याकडे आरोग्याचे विषय घेऊन जायलाच हवं. पण फेलोशिप असलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्यात, ज्यांचं प्रकरण कुणीच नीट वाचलं नाही. पैशाने वेळ मिळतो. वाचणारा माणूस पैशाने मिळत नाही.

आणखी एक शंका: हे फक्त मुस्लिमांचं मंडळ होणार का? होऊ नये. ऊसतोड बाईचा प्रश्न कळायचा तर तिच्या तांड्यावरची मुलगी आपल्यात हवी. आपला प्रश्न तिला कळायचा तर आपण तिच्या बैठकीत हवं. फक्त आपलेच लोक जमले की आपण एकमेकांच्या तक्रारीला मान डोलावतो, प्रश्न कुणी खोडत नाही.

मग करायचं काय? मला सुचतं ते असं. महिन्यातून एक बैठक, सहा-सात जणांची. हार-शाल नाही, सूत्रसंचालन नाही. एकाचा कागद आठ दिवस आधी सगळ्यांकडे जावा, मराठीत, उर्दूत, जसा असेल तसा. बैठकीत एक तरी डॉक्टर किंवा नर्स हवी आणि एक आशाताई हवी. आजारांच्या घरगुती शब्दांची एक वही सगळ्यांनी मिळून करावी. सफेद पानी, धाप, गरमी, नजर यातला कुठला शब्द कुठल्या मोहल्ल्यात काय सांगतो, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. आणि नैतिकतेचा एक कागद भिंतीला लावावा. आरोग्यातल्या सामाजिक संशोधनासाठी सेहतने २००० मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. छोट्या मोहल्ल्यात नाव बदललं तरी "तीन मुलींची आई, नवरा वेल्डर" एवढ्यावर बाई ओळखू येते. हे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

माझ्या वयाच्या लोकांनाही एक सांगते. कुणाला हाताशी धरलं म्हणजे त्याला फुकटात माहिती गोळा करायला लावणं नव्हे. उन्हात घरोघर पोरं फिरणार आणि लेखावर नाव सरांचं, ही उस्तादी नाही. ज्याने काम केलं त्याचं नाव लागलं पाहिजे, आणि बाईंना वेळ नसेल तर बाईंनी तसं सांगितलं पाहिजे. सहा महिने कागद टेबलावर ठेवून "बघते" म्हणणं हे नकारापेक्षा वाईट.

मी सध्या दोन मुलींचे कागद वाचते आहे. एक नर्सिंगची, एक समाजशास्त्राची. गेल्या महिन्यात दोघींना घेऊन आपांकडे गेले. आपा आता थकल्यात, बारीक अक्षर दिसत नाही. नर्सिंगच्या मुलीने प्रश्न मोठ्याने वाचून दाखवले. नवव्या प्रश्नाला आपांनी हात वर केला. मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या हातात पेन दिला.

तुमचा कागद कुणी वाचलाय? नसेल, तर आधी दुसऱ्या कुणाचा वाचायला घ्या. सुरुवात तिथूनच होते.