खुर्ची असूनही चाहते उभेच का? इंग्लंडच्या जुन्या ‘टेरेस’ची गोष्ट, आणि त्या आठवणीत काय सुटतं

इंग्लिश प्रीमिअर लीगची मॅच मोबाइलवर पाहताना एकदा गोलपोस्टमागच्या स्टँडकडे नीट बघा. तिथल्या प्रत्येकाने एका खुर्चीचे पैसे मोजलेले असतात. तिकिटावर त्या खुर्चीचा नंबर छापलेला असतो. तरीही नव्वद मिनिटं तिथे जवळपास कुणीच बसत नाही.

याला नुसता उत्साह म्हणून सोडून देता येत नाही. त्यामागे साधारण तीस वर्षं जुनं भांडण आहे, आणि त्या भांडणाच्या मुळाशी ९७ मृत्यू आहेत.

टेरेस म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे टेरेस म्हणजे गच्ची. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये टेरेस म्हणजे मैदानाकडे उतरत जाणाऱ्या काँक्रीटच्या रुंद पायऱ्या. त्यांवर बसायचं नाही, उभं राहायचं. ना नंबर, ना ठरलेली जागा. मधे मधे लोखंडी आडवे दांडे, म्हणजे क्रश बॅरिअर. गेटवर पैसे द्या, आत शिरा, जिथे सापडेल तिथे उभे राहा.

सगळ्यात गाजलेला टेरेस लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवरचा, ‘कॉप’. १९०६ मध्ये बांधला आणि भर बहरात २५ हजारांहून जास्त माणसं एकट्या त्या उतारावर मावत. नाव आलं दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप टेकडीवरून. बोअर युद्धातल्या जानेवारी १९०० मधल्या तिथल्या लढाईत लिव्हरपूल परिसरातले बरेच सैनिक मारले गेले होते. त्याच लढाईत जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्या भारतीय तुकडीत मोहनदास गांधी होते, ही जाता जाता सांगायची गोष्ट.

त्या पिढीच्या चाहत्यांच्या आठवणी ऐकल्या तर त्यात गोल कमी आणि पायऱ्याच जास्त असतात. दर शनिवारी त्याच दांड्यापाशी भेटणारी तीच माणसं, ज्यांचं आडनाव वीस वर्षांत कधी विचारलं नाही. लहान पोरांना डोक्यांवरून हातोहात पुढच्या रांगेपर्यंत पोहोचवणं. गोल झाला की लाट यायची, पाय जमिनीवरून सुटायचे आणि माणूस आठ-दहा पायऱ्या खाली, भलत्याच लोकांच्या मिठीत सापडायचा. मग लाट ओसरताना परत वर. गर्दीतून स्वच्छतागृहापर्यंत जाणं अशक्य, म्हणून लोक जागच्या जागी, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राच्या नळीतून मोकळे व्हायचे. ज्याच्या पोटरीवर ती ऊब यायची, त्यालाही आज हा किस्सा रंगवून सांगावासा वाटतो.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅच पाहिलेल्या वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. कुणाशेजारी मॅच पाहायची हे आपण ठरवायचं, तिकिटाने नाही. टेरेसचा सगळा जीव या एका गोष्टीत होता.

गर्दीचं गणित

इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला इथे थोडं थांबावंसं वाटतं. १९०२ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर लाकडी टेरेसचा एक भाग कोसळून २५ जण मेले. तो टेरेस आर्चिबाल्ड लीच या इंजिनीअरने डिझाइन केलेला होता. त्यानंतर उंच लाकडी सांगाड्यांचा भरवसा संपला आणि मातीच्या भरावावर पायऱ्या बांधल्या जाऊ लागल्या. पुढच्या तीसेक वर्षांत ब्रिटनमधली कितीतरी मोठी मैदानं याच लीचने उभी केली, आणि गर्दीचा दाब तोडणारे दांडे हा त्याच्या कामाचा महत्त्वाचा भाग होता.

ब्रिटनच्या सध्याच्या सुरक्षा नियमावलीनुसार उभ्या प्रेक्षकांसाठी कमाल घनता आहे १० चौरस मीटरला ४७ माणसं, म्हणजे चौरस मीटरला पाचपेक्षाही कमी. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात. रेल्वेने त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नावच दिलं आहे.

मग लोकलच्या डब्यात रोज लोक चिरडून का मरत नाहीत? कारण डबा भरला की भरला. मागून येणारा रेटा फलाटावरच अडतो. (दारातून पडून माणसं मरतात, ते वेगळं.) टेरेसला उतार असतो आणि मागची वाट उघडी असते. वरून येणाऱ्या प्रत्येकाचा थोडा थोडा रेटा खाली साचत जातो. मागच्याला पुढचं काही दिसत नसतं. पुढच्याला हलता येत नाही. अशा वेळी माणूस तुडवला गेल्यामुळे मरतोच असं नाही. बऱ्याचदा तो उभ्या उभ्या, छाती फुलवायला जागा न उरल्यामुळे गुदमरून मरतो.

१५ एप्रिल १९८९ ला काय झालं?

शेफिल्डचं हिल्सबरो मैदान. एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या उभ्या राहणाऱ्या दहा हजारांहून अधिक प्रेक्षकांना आत जायला फिरती फाटकं होती फक्त सात. बाहेर गर्दी तुंबली. मॅचला काही मिनिटं उरली असताना पोलिसांनी बाहेर पडण्याचं मोठं गेट उघडायला लावलं. समोरच एक बोगदा होता, तो टेरेसच्या मधल्या, आधीच भरलेल्या कप्प्यांत उतरत होता. तो बंद करायला कुणीही उभं नव्हतं. शेजारच्या कप्प्यांत जागा शिल्लक होती.

कप्पे हा शब्द इथे महत्त्वाचा. सत्तरच्या दशकापासून मारामाऱ्या रोखण्यासाठी मैदानांवर उंच जाळ्या लावल्या गेल्या होत्या. समोर जाळी, दोन्ही बाजूंनाही जाळी. एक बॅरिअर वाकून पडला. मॅच सहाव्या मिनिटाला थांबवली, तेव्हा लोक जाळीवर चढून सुटायला धडपडत होते. सुरुवातीला काही पोलिसांना ही मैदानात घुसखोरी वाटली.

पोलीस कमांडरने सांगितलं की गेट चाहत्यांनी फोडलं. ते खोटं होतं. एका टॅब्लॉइडने चाहत्यांवर गलिच्छ आरोप पहिल्या पानावर छापले. लिव्हरपूल शहरात त्या पेपरवर आजही बहिष्कार आहे. मृत्यू बेकायदा होते आणि त्यात चाहत्यांचा दोष नव्हता, हे ज्युरीच्या तोंडून अधिकृतपणे यायला २०१६ उजाडलं. पुढे २०१९ मध्ये फौजदारी खटल्यात तो कमांडर निर्दोष सुटला.

आपल्याकडेही चेंगराचेंगरी झाली की पहिल्या तासाभरात ‘गर्दी बेकाबू झाली’ हेच वाक्य फिरतं. २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण गेले तेव्हा पुलाची रुंदी हा प्रश्न आधीपासून सगळ्यांसमोर होता.

मग खुर्च्या कुठून आल्या?

हिल्सबरोच्या चौकशीसाठी नेमलेले न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. मोठ्या मैदानांवर सगळ्यांना खुर्च्या द्या, अशी शिफारस त्यात होती. वरच्या दोन स्तरांतल्या क्लबना १९९४ ची मुदत मिळाली. ३० एप्रिल १९९४ ला कॉपवर लोक शेवटचे उभे राहिले. नॉर्विचने लिव्हरपूलला १-० हरवून निरोप समारंभाचा विचका केला. नव्या कॉपमध्ये खुर्च्या बसल्या साधारण १२ हजार.

पण उभं राहणं मुळातच धोकादायक आहे असं टेलर यांनी म्हटलेलं नाही, उलट तसं नाही हे त्यांनी मान्य केलं होतं. खुर्च्या आल्या म्हणून तिकीट महाग व्हायलाच हवं असंही नाही, हे सांगताना त्यांनी आयब्रॉक्सचं उदाहरण दिलं: बसायला ६ पाउंड, उभं राहायला ४.

अहवालातल्या खुर्च्या सगळ्यांनी घेतल्या, दराचा सल्ला मात्र कुणी ऐकला नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलने नव्या स्टँडमधलं सर्वात महाग तिकीट ७७ पाउंड ठरवलं. सुमारे दहा हजार प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून निघून गेले. तोवर २-० ने पुढे असलेला संघ २-२ वर अडकला आणि काही दिवसांत क्लबने दर मागे घेतला.

माझं मत असं: हिल्सबरोला माणसं मेली ती जाळ्या, चुकीचं गेट, मोकळा सोडलेला बोगदा आणि चाहत्यांकडे गुन्हेगार म्हणून बघणारी नजर, यामुळे. शिक्षा मात्र उभं राहण्याला झाली, आणि त्या आडून स्वस्त तिकीटही गेलं. फक्त खुर्ची लावली म्हणून माणूस सुरक्षित होत नाही. १९८५ मध्ये ब्रॅडफर्डला आग लागून ५६ जण गेले, तो स्टँड खुर्च्यांचाच होता. लाकडी फळ्यांखाली वर्षानुवर्षांचा कचरा साचला होता.

आठवणीत कोण नाही?

तरी जुन्या चाहत्यांच्या हळवेपणाला संपूर्ण माफी देता येत नाही. ‘सगळं शहर एकत्र उभं असायचं’ हे खरं नाही. बायका कमी होत्या. बुटक्या, म्हाताऱ्या, अपंग माणसाला तिथे मॅच दिसायचीच असं नाही. याच टेरेसवरून कृष्णवर्णीय खेळाडूंना माकडाचे आवाज ऐकवले जात. १९८८ मध्ये गुडिसन पार्कवर जॉन बार्न्सने पायाशी पडलेलं केळं टाचेने मागे ढकललं, तो फोटो जगभर गेला. १९९२ मध्ये आर्सेनलने नॉर्थ बँक टेरेस पाडला आणि बांधकाम झाकायला गर्दीचं भलंमोठं चित्र लावलं. त्यात आधी एकही काळा चेहरा नव्हता. टीका झाल्यावर रंगवले.

हिल्सबरोत मुलं गमावलेल्या काही आईबापांचा उभं राहण्याच्या परतीला कायम विरोध राहिला. त्यांना आकडे दाखवून गप्प करता येणार नाही, करूही नये.

आता काय स्थिती आहे?

जर्मनीने लीगच्या मॅचसाठी उभं राहणं कधीच बंद केलं नाही. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये आजही जवळपास २५ हजार लोक उभे असतात, तेही बसण्याच्या तिकिटापेक्षा स्वस्तात. स्कॉटलंडमध्ये सेल्टिकने २०१६ मध्ये ‘रेल सीट’ आणल्या: कुलूप लावून वर दुमडता येणारी खुर्ची आणि प्रत्येक रांगेसमोर कमरेएवढा मजबूत दांडा. लाट येऊच शकत नाही, कारण प्रत्येक रांगेसमोर बॅरिअर आहे. इंग्लंडमध्ये २ जानेवारी २०२२ ला चेल्सी-लिव्हरपूल मॅचला त्याची पहिली अधिकृत चाचणी झाली आणि त्याच वर्षीच्या नव्या हंगामापासून परवाना घेऊन इतर क्लबनाही मुभा मिळाली. रेल सीट आता कॉपमध्येही आहेत.

मला हा निर्णय योग्य वाटतो. ज्या रांगांत लोक तसेही उभे राहत होते, तिथे गुडघ्याएवढ्या खुर्चीच्या पाठीवरून पुढच्या रांगेत कोसळण्याचा धोका तरी कमी झाला. पण इंग्लंडच्या नियमात एका खुर्चीमागे एकच माणूस, तोही स्वतःच्याच नंबरसमोर. मित्राला दुसऱ्या ब्लॉकचं तिकीट मिळालं तर मॅच वेगवेगळीच पाहायची. आणि उभं राहिलात म्हणून बिलातून काही वजा होत नाही, पैसे खुर्चीचेच लागतात.