संगणकाची नोकरी : वहीत न चढलेले तास

मुलगा सॉफ्टवेअरमध्ये लागला म्हणजे एअरकंडिशन हॉल, फिरती खुर्ची आणि महिनाअखेरीस बँकेत पगार, अशी आपल्या घराघरातून समजूत आहे. गॅरेजमध्ये हात काळे करून ज्याने मुलाला इंजिनिअर केले, त्या बापाला ही खुर्ची सुखाची वाटावी हे स्वाभाविकच आहे. परंतु या खुर्चीचा जमाखर्च सहसा कोणी मांडत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

सॉफ्टवेअर डेव्हलपर दिवसभर काहीतरी नवे घडवीत असतो हा पहिला गैरसमज. त्याचा बराचसा वेळ दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड वाचण्यात जातो. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो, कागदपत्रे अपुरी असतात, आणि एक ओळ बदलायची तर तिच्यावर आणखी काय काय अवलंबून आहे ते आधी हुडकावे लागते. दोन दिवस शोध आणि दहा मिनिटे दुरुस्ती, हा प्रकार या धंद्यात नित्याचा आहे. जुन्या इमारतीत काम करणाऱ्या प्लंबरला हे लगेच समजेल. भिंतीआडचा पाईप कोठून कोठे जातो याचा नकाशा त्याच्याकडेही नसतो. फरक एवढाच की प्लंबर भिंत फोडताना दिसतो आणि हा गृहस्थ नुसता पडद्याकडे पाहत बसलेला दिसतो. 2020 साली घरून काम सुरू झाले तेव्हा तर तो घरच्यांनाही रिकामाच वाटू लागला. ‘बसलाच आहेस तर सिलिंडर उतरवून घे’ हे कित्येकांनी ऐकले असेल! आता कोड लिहून देणारी एआय साधने आली आहेत. पण त्या कोडची जबाबदारी साधन घेत नाही, ती तपासणाऱ्याच्याच माथी राहते.

खरी गोम पुढेच आहे. काम किती दिवसांत होईल असे डेव्हलपरला विचारले जाते खरे, पण अनेकदा ग्राहकाला तारीख अगोदरच देऊन झालेली असते. ईदच्या तोंडावर गल्ल्यावरच्या मालकाने कपडे घेत राहावे आणि मशीनवरच्या कारागिराने रात्री जागून ते पुरे करावेत, तसाच हा मामला. त्यात पुण्याच्या हिंजवडीत बसून अमेरिकेचे काम करायचे म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे 9 वाजले की आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. तिकडचा साहेब ताजातवाना असतो, इकडच्याचा दिवस संपत आलेला असतो, आणि बैठक तेव्हाच असते. नवे काम चालू करायचे तर ग्राहकाचा धंदा बंद असताना, म्हणजे रात्री किंवा शनिवार-रविवारी.

हे सारे तास कोठे लिहिले जातात? पुष्कळ ठिकाणी टाइमशीट भरावी लागते, आणि माणूस अकरा तास बसला तरी तीत आठच भरण्याचा रिवाज आहे. आमचा मुख्य आक्षेप याच रिवाजाला आहे, आणि तो केवळ दयेपोटी नाही. किराणा दुकानदाराने हमालीचा खर्च वहीत चढवलाच नाही तर मालाचा भाव चुकणारच. येथेही पुढच्या कामाचा अंदाज त्या आठ तासांवरूनच बांधला जातो, म्हणून पुढची तारीखही खोटी निघते आणि पुन्हा तीन तास फुकट द्यावे लागतात. मालकाला हा नफा वाटतो. आम्हास ती उधारी वाटते. माणूस सोडून गेला की तिची वसुली सुरू होते. कारण त्याच्या जागी आलेल्याला तो जुना कोड पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो.

आयबीएमच्या ओएस/360 या प्रचंड कामाचे प्रमुख राहिलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी 1975 सालीच ‘द मिथिकल मॅन-मन्थ’ या पुस्तकात सांगून ठेवले आहे की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच रखडते. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचे दिवस जातात.

इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये तरुणांना आठवड्याला 70 तास काम करण्याचा सल्ला दिला. सहा दिवसांत वाटले तरी रोजचे साडेअकरा तासांहून अधिक होतात! महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रोजची मर्यादा 9 तास आणि आठवड्याची 48 तास घातली व जादा कामाला दुप्पट दर ठरवला. रोजची मर्यादा 10 तास करण्यास मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. मर्यादा 9 असो की 10, टाइमशीटवर आठच लिहिलेले असतील तर जादा काम झाले हे सिद्ध कशावरून करणार? आपल्यापैकी जे स्वतः छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या चालवतात त्यांनी निदान खरे तास लिहू द्यावेत. पहिले काही महिने आकडे पाहून छाती दडपेल, हेही आम्ही सांगून ठेवतो.

आणि पालकांनी ‘पॅकेज किती?’ एवढ्यावर थांबू नये. शिफ्ट कोणती, सुट्टीच्या कामाची नोंद होते का, नोटीस पीरियड किती, हे ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वीच मुलाला विचारायला लावावे. अनेक कंपन्यांत हा पीरियड 90 दिवसांचा असतो, आणि नवी कंपनी मात्र म्हणते, महिन्याभरात या.