शब्द कायद्यांत, मौन शाळेंत

वैनगंगेच्या अलीकडे सावली आणि पलीकडे गडचिरोली. १९३६ सालच्या फेब्रुवारीअखेरीस गांधी सेवा संघाचें अधिवेशन ह्या सावलींत भरलें होतें व त्यासाठीं महात्माजी येथें येऊन राहिले होते. त्याच्या तीनच महिने आधीं संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर त्यांना वर्ध्यास भेटून गेल्या होत्या, आणि कृत्रिम साधनांविषयीं उभयतांचें मुळींच जमलें नव्हतें. एवढ्या एका गोष्टीवरून कित्येकांनीं असा ग्रह करून घेतला आहे कीं, लैंगिक शिक्षणाचें नांव काढणें म्हणजे गांधींच्या शिकवणुकीशीं द्रोह करणें होय. वस्तुस्थिति निराळी आहे. त्याच १९३६ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं 'हरिजन' पत्रांत ह्या शिक्षणाचे दोन प्रकार सांगितले: वासना चेतविणारें आणि तिजवर ताबा मिळविण्यास शिकविणारें. पहिलें त्याज्य, परंतु दुसरें मुलांच्या शिक्षणाचें आवश्यक अंग, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय होता. त्यांचीं ब्रह्मचर्यविषयक मतें आम्हांस सर्वस्वीं मान्य नाहींत. पण ब्रह्मचर्याचा एवढा कडवा उपासकहि मुलांस अज्ञानांत ठेवा असें म्हणत नव्हता, हें त्यांचें नांव पुढें करणारांनीं ध्यानांत घ्यावें.

महाराष्ट्र सरकारनें मात्र २००७ सालीं अज्ञानाचाच मार्ग पत्करिला. केंद्राच्या शिक्षणखात्यानें व राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनें पौगंडावस्थेंतील मुलांसाठीं आंखलेला कार्यक्रम विधिमंडळांत गदारोळ होतांच राज्यांत थांबविण्यांत आला. मध्यप्रदेश, कर्नाटक, गुजरात ह्यांनींहि तेंच केलें. आणि दोन वर्षांनीं राज्यसभेच्या याचिका-समितीनें शाळेंत हें शिक्षण नको असाच कौल दिला. पुस्तकांतील चित्रें अयोग्य आहेत असा मुख्य आक्षेप होता. चित्रें वाईट असतील तर तीं बदलावीं. गणिताचें पुस्तक चुकीचें निघालें म्हणून कोणी गणित शिकविणें बंद करीत नाहीं.

आपली संस्कृति ह्या विषयाचा उच्चारच करीत नाहीं असें म्हणणारांनीं आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारावें. मुलीस प्रथम न्हाण आलें म्हणजे तिला मखरांत बसवून, वाजंत्री लावून, सुवासिनींकडून ओटी भरविण्याची चाल महाराष्ट्रांत होती. ती पुन्हां सुरू करा असें आम्हीं म्हणत नाहीं. बालविवाहाच्या दिवसांत तिचा अर्थ मुलगी सासरीं धाडण्याजोगी झाली एवढाच होता. परंतु जो समाज ही वार्ता वाजतगाजत साऱ्या आळीस कळवीत होता, त्यानें आज वर्गांत 'मासिक पाळी' हा शब्द निघतांच संस्कृति बुडाली म्हणून ओरडावें, हें मोठें नवल आहे! ही लाज पुष्कळशी उसनी आहे. 'समाजस्वास्थ्य'कार रघुनाथराव कर्वे ह्यांना वाचकांच्या शंकांस छापील उत्तरें दिल्याबद्दल १९३४ सालीं कोर्टांत खेंचण्यांत आलें, तें इंग्रजांच्या दंडविधानांतील अश्लीलतेच्या कलमाखालीं. त्यांच्या बाजूनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीहि कर्व्यांस दंड झालाच.

मौनाची किंमत किती पडते तें नदीच्या पलीकडे मोजलें गेलें आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं गडचिरोलीनजीकच्या वसा व अमिर्झा ह्या दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले. शंभरांत ९२ स्त्रियांस गुह्यांगाचा किंवा गर्भाशयाचा कांहीं ना कांहीं विकार होता. आणि त्यापूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत आठच होत्या. बाकीच्यांनीं तें दुखणें अंगावर काढलें. डॉक्टर नव्हता हें एक कारण झालें. पण ज्या दुखण्याचें नांव घेणें हीच निर्लज्जता, तें दुखणें डॉक्टर दारीं आला तरी त्याला सांगावयाचें कसें? पुढें राणीताईंनीं 'तारुण्यभान' ह्या नांवानें तरुण मुलामुलींसाठीं शिबिरें घेतलीं. ज्या जिल्ह्यास आपण मागासलेला म्हणतों तेथें हें काम झालें, हें पुण्यामुंबईच्या शिक्षणतज्ज्ञांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां कायद्याकडे पाहूं. बालकांस लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा कोणीहि उघडून वाचावा. त्याच्या तिसऱ्या कलमांत शरीराच्या गुह्य अवयवांचीं नांवें एकामागून एक स्पष्ट लिहिलेलीं आहेत, कारण नांवावांचून अपराधाची व्याख्याच होत नाहीं. संसदेस तीं लिहितांना लाज वाटली नाहीं. पण ज्या आठ वर्षांच्या मुलीनें साक्षीदार म्हणून त्याच अवयवांविषयीं न्यायाधीशास सांगावयाचें, तिला तीं नांवें आम्हीं कधीं शिकविलीं? 'काका वाईट वागले' एवढेंच ती सांगूं शकते. आणि आरोपीच्या वकिलास त्याहून अधिक सोयीची साक्ष कोणती असणार? ह्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास हें फोडून सांगावें लागत नाहीं. स्पर्श बरा कोणता, वाईट कोणता, आणि वाईट असेल तर कोणास सांगावें, हें मुलास ठाऊक नसेल तर कायद्याची सारी कलमें कपाटांतच राहतात.

शिवाय हा आतां मतभेदाचा प्रश्न राहिलेलाच नाहीं. ह्याच कायद्याचें ४३ वें कलम मुलांस व पालकांस त्याची माहिती देण्याचें कर्तव्य सरकारवर लादतें. २०२० च्या नियमांपैकीं तिसरा नियम तर वयानुरूप अभ्यासक्रम व साहित्य सरकारनें तयार करावें असें आज्ञार्थी शब्दांत सांगतो. बालकांच्या अश्लील चित्रफितींसंबंधींच्या एका प्रकरणांत २३ सप्टेंबर २०२४ रोजीं निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयानेंहि लैंगिक शिक्षणाविषयींचे गैरसमज खोडून काढून त्याची आवश्यकता प्रतिपादिली आहे. १९३४ सालीं जें छापणें हा गुन्हा ठरला, तें शिकविणें आज शासनाचें कर्तव्य ठरलें आहे. आणि तरीहि प्रजननाचा धडा आला म्हणजे 'घरीं वाचा' असें सांगून पान उलटणारे मास्तर पुष्कळ आहेत.

हें काम आईबापांचें, शाळेचें नव्हे, असें सभ्यपणें म्हणणारा एक वर्ग आहे. त्यानें धानाची कापणी आटोपल्यावर ह्या भागांत यावें. मिरची तोडण्यासाठीं माणसें तेलंगणांत जातात व महिनोगणती परततच नाहींत; मुलें आजोळीं, शेजारीं किंवा आश्रमशाळेच्या वसतिगृहांत राहतात. त्यांना घरीं शिकवावयाचें कोणी? शिकवणारा मिळतो, नाहीं असें नाहीं. तो खिशांतला मोबाईल असतो, आणि त्याची शिकवण गांधींनीं सांगितलेल्या पहिल्याच प्रकारची असते.

मुलग्यांविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण ह्या चर्चेंत त्यांना नेहमीं वगळलें जातें. मुलींस बाजूच्या खोलींत नेऊन पाळीची माहिती द्यावयाची आणि मुलग्यांस मैदानावर सोडून द्यावयाचें, ही पद्धत अर्धवट आहे. 'नाहीं' म्हणजे नाहींच, हें ज्यानें शिकावयाचें तो मैदानावर असतो. आणि ज्या मुलाचा पिंडच इतरांहून निराळा आहे, ज्याच्या मान्यतेविषयीं सर्वोच्च न्यायालयानें २०१४ व २०१८ सालीं निकाल दिले, त्याला वर्गांतील टवाळी सोसावी लागते तीहि ह्याच अज्ञानाची उपज आहे.

तेव्हां सावली, मूल, गडचिरोली येथील पालकांस आमची सूचना अशी: २०२० च्या तिसऱ्या नियमाप्रमाणें आपल्या मुलाच्या शाळेंत कोणतें साहित्य आलें, तें कोणत्या इयत्तेस शिकविलें गेलें, आणि त्यासाठीं किती शिक्षकांस तयार केलें, हे तीन प्रश्न चंद्रपूर व गडचिरोली येथील जिल्हापरिषदांच्या शिक्षणाधिकाऱ्यांस लेखी विचारावेत, आश्रमशाळांसाठीं तेच आदिवासी विकास खात्यास विचारावेत. माहितीच्या अधिकाराच्या अर्जास दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेवढेहि लागत नाहींत, आणि तीस दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यास भाग असतें.